विहीर बुजवण्याआधी सभा घ्या : ताराबाई पार्कातल्या आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

प्रति,
चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था, ताराबाई पार्क, कोल्हापूर.

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी रात्री पावणेदहाला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपला मेसेज आला. इमारतीमागची विहीर मुरूम टाकून बुजवायची, वर पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि चार गाड्यांची सोय करायची, असं कमिटीने ठरवल्याचं त्यात लिहिलं होतं. ज्यांची संमती आहे त्यांनी थम्ब टाकावा, एवढंच खाली होतं. सकाळपर्यंत नऊ थम्ब पडले आणि आपण 'बहुमताने मंजूर' असं लिहून विषय संपवला. बुधवारी संध्याकाळी मी दूध घेऊन परत येत होते, तेव्हा कंत्राटदाराचा माणूस विहिरीच्या कठड्याभोवती फक्की मारत होता.

मी त्याच रात्री आपल्याला पत्र दिलं. शुक्रवारी दुसरं दिलं. दोन्हींवर पोच म्हणून शिक्का मिळाला, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता उघड लिहिते आहे. उघड लिहिण्याला आणखी एक कारण आहे. ताराबाई पार्क, राजारामपुरी, शाहूपुरी या भागांत बंगले पाडून जी जुनी अपार्टमेंट्स उभी राहिली, त्यांतल्या कितीतरी आवारांत अजून विहीर आहे, आणि प्रत्येक ठिकाणी आज पार्किंगचाच प्रश्न आहे. आपण इथे जे करू ते पाहून शेजारची सोसायटी उद्या तेच करील.

आधी माझा संबंध सांगते. १९८७ साली ही इमारत बांधून झाली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी प्रॉव्हिडंट फंड काढून दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. तळमजला अधिक तीन मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मागच्या बाजूला चिकूचं झाड, विहीर आणि तिच्या कठड्यावर सुकत घातलेली धुणी, असं दिसायचं. रस्त्यावरून दिवसाकाठी चार रिक्षा जायच्या. रात्री जेवणं झाली की माणसं पितळी गणपतीपर्यंत चालत जाऊन परत यायची. शांतता आजही बरीचशी टिकून आहे, आणि ती मिळावी म्हणूनच आपल्यापैकी बहुतेकांनी इथे घर घेतलं. माझी दोन मुलं इथे वाढली, सासरे इथेच गेले. मला हे घर विकायचं नाही आणि भाड्यानेही द्यायचं नाही. उरलेलं आयुष्य मी याच जिन्यावरून चढउतार करणार आहे. त्यामुळे या आवारात काय बुजतं आणि काय उरतं, हा माझ्यासाठी रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे.

ऑगस्ट २०१९ आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३ फूट, आणि त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आपल्या गल्लीत पूर आला नाही, आपण उंचावर आहोत. पण नदीकाठची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि चारी बाजूंना पाणी असताना शहराचे नळ कोरडे पडले. महामार्ग बंद होता, दुधाची गाडी येत नव्हती, पेट्रोल मिळत नव्हतं. वीज गेली आणि तिसऱ्या दिवशी आपल्या गच्चीवरच्या टाकीत थेंब राहिला नाही. टँकर मुख्य रस्त्यावर यायचा. तिथल्या रांगेत दोन तास उभं राहून मिळालेल्या दोन कळशा घेऊन तीन मजले चढायचं, हे साठी ओलांडलेल्या माणसांना जमणारं नव्हतं.

तेव्हा विहीर होती. वीज नसल्यामुळे तिची मोटार निकामी होती, आणि रहाट गंजून इतका घट्ट झाला होता की खोबरेल तेल ओतून, हातोडीने ठोकून तो मोकळा करायला सकाळ गेली. दोर मिळाला, पण पोहरा कुणाकडे नव्हता. मग प्लॅस्टिकची बादली सोडली. ती पाण्यावर पडायची आणि नुसती तरंगत राहायची. आपल्या तरण्या पोरांनी वीस मिनिटं खटपट केली, बादली काही बुडेना. तळमजल्यावरच्या आजी, ज्या आता नाहीत, त्या काठी टेकत आल्या. त्यांनी घरातून पितळेची जुनी बादली आणवली, दोर हातात घेतला आणि बादली पाण्याला टेकल्याबरोबर मनगटाने एकच झटका दिला. बादली आडवी झाली, तोंड पाण्यात गेलं आणि गडप्‌ असा आवाज आला. कठड्याभोवतीच्या सगळ्यांच्या तोंडून एकदम श्वास सुटला. पुढचे सहा दिवस आम्ही आळीपाळीने पाणी शेंदलं. घरटी आठ बादल्या, आजारी आणि लहान मूल असलेल्या घराला बारा. प्यायचं पाणी टँकरचं, उकळून. बाकी सगळं विहिरीचं. बाजूच्या दोन इमारतींतल्या बायकाही घागरी घेऊन यायच्या आणि त्यांना कुणी अडवलं नाही.

सेक्रेटरी, तुमची धाकटी मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती. तिचे कपडे त्याच पाण्यात धुतले जात होते. पहिल्या दिवशी तुमच्या घरच्या बादल्या माझ्या मुलाने वर नेऊन दिल्या. हे उपकार म्हणून सांगत नाही, तेव्हा सगळेच सगळ्यांचं करत होते. त्या आठवड्यात आपली सोसायटी खऱ्या अर्थाने सहकारी होती, हे तुम्हालाही आठवत असेल म्हणून लिहिते.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. पुन्हा ५५ फुटांच्या वर पाणी, पुन्हा नळ बंद, पुन्हा रहाट.

आता आपलं म्हणणं असं की काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन आली, त्यामुळे विहिरीची गरज संपली. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचलं तेव्हा मलाही आनंद झाला होता. इतकी वर्षं आपण सगळ्यांनी त्या पाण्याची वाट पाहिली. पण धरणातून पाणी उचलायला पंप लागतात आणि पंपांना वीज लागते. पंप बिघडला, वीज गेली किंवा जलवाहिनीला गळती लागली की शहराला पाणी येत नाही, हे त्यानंतरही आपण अनुभवलं आहे. त्या दिवसांत वापराचं पाणी कुठून आलं? मागच्या विहिरीतून आलं.

मी टेप लावून विहीर मोजली. व्यास १२ फूट, खोली ३८ फूट. ऐन मे महिन्यातही तिच्यात १० फूट पाणी आहे, म्हणजे अंदाजे ३२,००० लिटर. गच्चीवरची टाकी १०,००० लिटरची आहे. पावसाळ्यात विहिरीचं पाणी कठड्यापासून सातआठ फुटांवर येतं, तेव्हाचा साठा लाखाच्या घरात जातो. हा साठा उभारायला आपल्याला एक रुपया पडलेला नाही.

याच हिशेबाने मी कोटेशनही पाहिलं, कारण त्याचा फोटो चुकून ग्रुपवर आला होता. त्यात २५ ब्रास मुरूम धरला आहे. १२ फूट व्यासाची, ३८ फुटी विहीर भरायला ४३ ब्रास लागतो. १०० घनफुटांचा एक ब्रास, कुणीही गुणाकार करून पाहावा. म्हणजे एकतर खर्च पुढे वाढणार, नाहीतर विहीर अर्धवट भरून वर ब्लॉक बसवले जाणार. मुरूम दोन पावसाळ्यांत दबतो. दबलेल्या मुरमावर दीड टनाची गाडी उभी राहिली तर काय होईल, याचा विचार कुणी केला आहे का? आणि आज आवारात पडणारं जे पाणी विहिरीत मुरतं, ते उद्या इमारतीच्या पायाकडे वळणार नाही, हे कुठल्या इंजिनिअरने लिहून दिलं आहे?

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार निर्णयाच्या पद्धतीबद्दल. ग्रुपवरचा थम्ब हा ठराव होत नाही. सोसायटीची सामाईक मालमत्ता कायमची बदलायची तर विषयपत्रिका काढून, नोटीस देऊन सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, चर्चा व्हावी लागते आणि इतिवृत्तात नोंद व्हावी लागते. कमिटीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो, याची मर्यादा आपल्या उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, घातलेली आहे. नऊ थम्बांपैकी दोन भाडेकरूंचे आहेत, एक पुण्याला राहणाऱ्या मुलाचा आहे. त्याचे वडील सभासद आहेत आणि त्यांना हा विषय माहीतही नव्हता, मी त्यांना फोन करून विचारलं. ज्या तीन घरांत वयस्कर माणसं एकटी राहतात आणि साधा फोन वापरतात, त्यांना कुणी विचारलं? तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना हे माझ्याकडून कळलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मला खाली उतरता येत नाही, म्हणून माझं मतही खाली उतरत नाही काय?" हे वाक्य आपल्यापर्यंत पोहोचवायचं मी त्यांना कबूल केलं होतं.

दुसरी, पैशाची. हा खर्च सिंकिंग फंडातून करायचा आहे असं खजिनदारांनी जिन्यात सांगितलं. सिंकिंग फंड दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का या दराने आपण सगळे भरतो, तो इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी. पेव्हर ब्लॉक त्यात बसत नाहीत.

तिसरी सगळ्यात गंभीर आहे. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं, असं उपविधी सांगतात. आपल्या इमारतीला ३५ पेक्षा जास्त पावसाळे झाले. फाईलमध्ये शेवटचा अहवाल २०१४ चा आहे. गेल्या जूनमध्ये दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर, माझ्या दारापासून चार पावलांवर, छताचं प्लॅस्टर पडलं. रात्रीची वेळ होती म्हणून कुणाला लागलं नाही. तिथल्या सळ्या आजही उघड्या आहेत आणि बोट लावलं तर तांबूस भुगा बोटाला येतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग तीन वर्षं पुढे ढकललं जात आहे; तिसऱ्या मजल्यावरची दोन घरं पावसाळाभर पातेली मांडून झोपतात. पैसे नाहीत असं उत्तर दरवेळी मिळालं. मग या कामाला पैसे कुठून आले?

चौथी थोडक्यात सांगते. जागेचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, अजून झालेलं नाही. प्रॉपर्टी कार्डावर आजही मूळ मालकांचंच नाव आहे. मूळ मालकांनी ते करून दिलं नाही तरी मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्ससाठी) जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, ते मागच्या तीन सभांत नुसतं बोललं गेलं. जमीन आपल्या नावावर करून घेण्याआधी तीत मुरूम ओतण्याची घाई कशासाठी?

आपल्या बाजूचं जे खरं आहे, ते मी मानते. पार्किंगची अडचण आहे. सोळा घरांत आज एकोणीस गाड्या आहेत आणि रात्री उशिरा येणाऱ्याला गाडी बाहेर लावावी लागते. विहिरीची जाळी तुटली आहे, लहान मुलं तिथे खेळतात, त्यांच्या आयांना भीती वाटते, ती रास्त आहे. डासांचंही खरं आहे; मागच्या वर्षी आपल्या इमारतीत दोघांना डेंग्यू झाला. पण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण दीड वर्षापासून मोडलेलं आहे. त्यावर फ्लेक्सचा तुकडा टाकून वर वीट ठेवली आहे, वाऱ्याने तो निम्मा उघडा पडतो. आधी ते झाकण बसवू. विहिरीत गप्पी मासे सोडता येतात, वर बारीक जाळी बसवता येते आणि तिला कुलूप लावता येतं. जाळी आणि झाकण दोन्हींचा खर्च मुरमाच्या दोनतीन गाड्यांहून जास्त होणार नाही.

गाड्यांचं म्हणाल तर तळमजल्यावरचं कोपऱ्यातलं बंद गॅरेज एकदा उघडा. मी खिडकीतून पाहिलं आहे : गणपतीच्या मांडवाचे बांबू, मोडका कॅरम, जुन्या पाण्याच्या टाक्या, कुणाचं तरी लोखंडी कपाट. ते मोकळं केलं तर दोन गाड्या आत लागतात. पुढच्या बाजूला गाड्या सरळ लावण्याऐवजी तिरक्या लावल्या आणि पट्टे मारले तर आणखी एक बसते. उरली एक गाडी. ज्या घरांत दोन गाड्या आहेत त्यांनी दुसरीसाठी जादा पार्किंग शुल्क भरावं की बाहेर सोय करावी, हे सभेत ठरवू. माझ्याकडे गाडी नाही, म्हणून मी हे सहज बोलते असं कुणाला वाटेल; पण माझ्या मुलाची गाडी येते तेव्हा तीही रस्त्यावरच लागते.

या शहरात पाणी बुजवण्याची सवय जुनी आहे. कपिलतीर्थावर मंडई झाली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आलं. मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही पाणी साचतं. जी तळी गेली ती आपल्या हातात नव्हती. ही विहीर मात्र आपल्या हातात आहे.

आणि ती नुसती राखायची नाही, तिचा उपयोग वाढवता येतो. आपली गच्ची साधारण ३०० चौरस मीटर आहे. कोल्हापुरात वर्षाला १,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे गच्चीवर वर्षाला ३ लाख लिटर पाणी पडतं आणि पाईपमधून गटारात जातं. मागच्या बाजूचे दोन पाईप गाळणीची टाकी करून विहिरीकडे वळवले तर त्यातलं बरंचसं आपलं होईल. नव्या मोठ्या इमारतींना अशी सोय करण्याची सक्ती आहे. आपल्याकडे विहीर आयती आहे.

आमच्या मागण्या अशा :

१. विहीर बुजवण्याचं काम ताबडतोब थांबवावं. कोटेशन, कंत्राटदाराशी झालेला व्यवहार आणि आगाऊ रक्कम दिली असल्यास तिची पावती नोटीस बोर्डावर लावावी.

२. याच विषयासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. एकपंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याच्या आत सभा घ्यावी लागते. आम्ही पाच सभासदांनी सह्या केलेलं मागणीपत्र आज सेक्रेटरींच्या हातात देत आहोत. सभा तळमजल्यावर मोकळ्या जागेत घ्यावी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना खुर्चीवरून खाली आणण्याची जबाबदारी आम्ही घेऊ.

३. पावसाळ्याआधी लँडिंगच्या उघड्या सळ्यांची दुरुस्ती आणि टाकीचं झाकण ही दोन कामं करावीत. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी इंजिनिअर नेमावा आणि त्याचा पूर्ण अहवाल प्रत्येक सभासदाला मिळावा.

४. विहिरीतला गाळ काढावा, कुलपाची जाळी बसवावी, पाण्याची तपासणी करावी. रहाट दुरुस्त करून ठेवावा, मोटार असली तरीही.

५. मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जासाठी कागदपत्रं गोळा करायला तीन सभासदांची उपसमिती नेमावी. तिच्यात काम करायला मी तयार आहे.

सभेत चर्चा होऊन, सगळी कागदपत्रं समोर ठेवून बहुसंख्य सभासदांनी विहीर बुजवायचंच ठरवलं, तर मला फार वाईट वाटेल, पण तो ठराव मी मानीन. सोमवारच्या रात्रीचे नऊ थम्ब मात्र मी मानू शकत नाही. महिन्याभरात सभा झाली नाही तर हेच मागणीपत्र उपनिबंधक कार्यालयात जाईल. तिथे जाण्याची वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे; आपण शेजारी आहोत आणि शेजारीच राहणार आहोत.

आजींची ती पितळेची बादली त्यांच्या सुनेने मला दिली. ती माझ्या बाल्कनीत आहे, दोरासकट. ज्यांना पाणी शेंदायला शिकायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी आठला विहिरीवर यावं, मुलांनाही आणावं. कंत्राटदाराची मुरमाची पहिली गाडी सोमवारी येणार असं कळतं. त्याला आजच फोन करून ती थांबवा.

आपली नम्र,
एक सभासद, दुसरा मजला